रडत्या लेकराला गोळी नाही

याडी,

तू गेल्याचं सांगायला कविताचा फोन सकाळीच आला. तुझी सून फोनवर कधी हळू बोलत नाही. आधी ओरडते, मग ‘ऐकू येऊन राह्यलं का?’ विचारते. त्या दिवशी ती इतकी हळू बोलली की पुढचं ऐकायच्या आधीच मला कळलं. “सिस्टर, याडी गेली. झोपेतच. मी चहा घेऊन गेली तं हात थंडा लागला.” मी उपकेंद्रात पुढच्या आठवड्यासाठी आलेले जंताच्या गोळ्यांचे डबे कपाटात लावत होते. हातातला डबा तसाच टेबलावर ठेवला. कविताला काय बोलले ते आता आठवत नाही.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू होतीस तोवर तुला लिहायचा प्रश्नच आला नाही. आपण बोलायचो वऱ्हाडीत, आणि तुला राग आला की तू तुमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत शिरायचीस. लिहायला बसले की माझ्या हातून शाळेतली मराठी येते. चालवून घे. तसंही माझं बोलणं तू कधी शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाहीस.

मी नेरची. बाप कापूस-तुरीचा शेतकरी, घरात सगळे मोठ्या आवाजात बोलणारे. नर्सचं शिक्षण झालं आणि नेमणूक मिळाली पुसदकडच्या डोंगरातल्या उपकेंद्रात, ज्याच्या हद्दीत तुझा तांडा. मी पहिल्यांदा गोळ्या घेऊन तुमच्या शाळेत आले तेव्हा तू दारात आडवी बसली होतीस. फेटियाचा, तुमच्या आरसेवाल्या घागऱ्याचा, घेर उंबऱ्यावर पसरलेला, हातात काठी. मला वाटलं, ही कुणी वेडसर म्हातारी असेल. मास्तर कानात म्हणाले, “नायकीण आहे. हिचा नवरा तांड्याचा नायक होता. हिला ओलांडून कुणी जात नाही.”

“काहून आली?” तू विचारलंस.

मी माझं पाठ केलेलं सगळं सांगितलं. लेकरांच्या पोटात जंत असतात, ते त्यांचं अन्न खातात, काही तर आतड्याला चिकटून रक्त पितात, लेकरू वाढत नाही, शाळेत लक्ष लागत नाही, गोळी गोड आहे, सरकार फुकट देतं. तू सगळं शांतपणे ऐकलंस. त्या दिवसानंतर इतकं शांत तुला मी कधीच पाहिलं नाही.

“झालं?” तू म्हणालीस.

“हो.”

“मंग जाय आता. आमचे लेकरं गोळी नाई खात.”

मी गेले. उपकेंद्रात येऊन चिडून अहवालात लिहिलं, ‘अंधश्रद्धेमुळे नकार’. पुढच्या फेरीला पुन्हा आले, तेव्हाही तू दारातच. त्या खेपेला मात्र मला बसवलंस, काळा चहा पाजलास आणि तुझ्याकडची औषधं दाखवलीस. एका डब्यात वावडिंग. एका फडक्यात पळसाच्या चपट्या बिया, ज्यांना तू पळसपापडी म्हणायचीस. “हे देतो मी. माह्या सासूनं मले दाखवलं. गुळासंगं द्याचं, मंग एरंडाचं तेल. दोन पिढ्या यावरच वाढवल्या.”

“आणि जी लेकरं नाही वाढली ती?” मी विचारलं.

तू माझ्याकडे पाहिलंस. रागावली नाहीस. “ते बी आहेत,” म्हणालीस आणि बिया पुन्हा फडक्यात बांधल्यास. आपल्या भांडणाची खरी सुरुवात तिथून झाली, असं मला वाटतं.

मग रोशनी पडली.

तुझी नात तेव्हा दुसरीत होती. कापसाच्या दिवसांत आईबरोबर वावरात जायची, अनवाणी. शाळेच्या भिंतीचा चुना नखानं खरवडून खायची. तू तिला मारायचीस आणि ती परत खायची. पोट पुढे आलेलं, हातपाय काड्या. शाळेच्या तीन पायऱ्या चढायच्या तर मधल्या पायरीवर धापा टाकत बसायची. सगळे म्हणायचे, पोट्टी आळशी आहे. एका सकाळी प्रार्थनेच्या रांगेतच ती कोसळली. मास्तरांचा फोन आला तशी मी ॲम्ब्युलन्स बोलावली आणि निघाले. तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली तर आत लाली नावाला नव्हती. पांढरी, भिजलेल्या कागदासारखी.

तू म्हणालीस, घरी नेते. मी म्हणाले, पुसदला न्यायचं. तू काठी उचललीस. मी तुझ्यासमोर उभी राहिले आणि पहिल्यांदा तुझ्याशी माहेरच्या आवाजात बोलले, “मार तं मार व याडी. पण ॲम्ब्युलन्समदे बसून मार. पोरगी मरून राह्यली तुही.”

तुला याडी, म्हणजे आई, मी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. ठरवून नाही. तांड्यात सगळे म्हणतात तसं तोंडातून आलं.

तू बसलीस. कविता पुढे ड्रायव्हरजवळ, रोशनीचं डोकं तुझ्या मांडीवर, मी समोर सलाईन धरून. घाटात वळणं सुरू झाली आणि रोशनीला उलटी झाली. त्या उलटीतून जंत पडला, वीतभर लांब, पांढुरका, जिवंत. तुझ्या फेटियाच्या आरशांवर तो वळवळत होता. रोशनीनं तो पाहिला आणि किंचाळली. तू फक्त तिचे डोळे तुझ्या तळव्यानं झाकलेस. दुसऱ्या हातानं जंत उचलून खिडकीबाहेर टाकलास आणि हात फेटियाला पुसलास.

मग तू बोललीस, माझ्याकडे न बघता. मी तुमच्याकडे यायच्या आधीची गोष्ट. रोशनीचा धाकटा भाऊ करण नुकता चालायला लागला होता. कुणीतरी गोळ्या वाटत आलं होतं. पुढच्या गावाला जायची घाई होती. करण रडत होता. त्याचं नाक दाबलं, तोंड उघडलं, अख्खी गोळी आत टाकली. ती भलत्याच नळीत गेली. लेकरू निळं पडलं. गोळी देणारं माणूस थिजून उभं राहिलं, कविता छाती बडवून घ्यायला लागली. तू करणला पायांकडून उचललंस, हातावर उलटं धरलंस आणि पाठीत थापट्या मारत राहिलीस, गोळी बाहेर पडेपर्यंत.

“रडलं तं समजलं का जितं हाय,” तू म्हणालीस. “पण ते निळं तोंड मले अजून दिसते. म्हून मी दारात बसतो. तुले वाटलं म्हातारी येडी हाय.”

आमच्या प्रशिक्षणात शिकवलेलं होतं की लहान लेकराला गोळी चुरून द्यायची, पाण्यात कालवून. रडत्या लेकराला द्यायची नाही, आजारी लेकराला द्यायची नाही, जबरदस्ती तर नाहीच. हे मी प्रत्येक फेरीला पाळत होते. पण हे तुला सांगायला मला सुचलं नव्हतं, कारण तुझी भीती गोळीची नसून घाईची आहे हे मला माहीतच नव्हतं. त्या गाडीत मी तुला ते सांगितलं. तू ऐकलंस आणि म्हणालीस, “हे आधी नाई सांगता येत?” आणि याडी, इतक्या काळजीतही मला हसू आलं, कारण हेच मी तुला विचारणार होते.

पुसदच्या दवाखान्यात रोशनीला रक्त चढवलं. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. तू खाटेजवळ खाली बसून होतीस, हॉस्पिटलच्या फरशीवर, कुणी खुर्ची दिली तरी नाही. तिच्या अंगात त्राण आलं, ती बिस्कीट मागायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी गोळी लिहिली. नर्स गोळी घेऊन आली तशी तू हात पुढे केलास.

“मी देतो.”

“मोठी आहे ती, चावून खाईल,” मी म्हटलं.

“ते खाईन नं. पण मी देतो.”

दोन चमच्यांमध्ये धरून तू ती गोळी दाबलीस. इतकी बारीक केलीस की पीठच झालं. रोशनी ते चाटून म्हणाली, “याडी, संत्र्यावानी लागते.” तू बोट ओलं करून चमच्यातला उरलेला चुरा जिभेवर ठेवलास आणि तोंड वाकडं केलंस. “हट्! पळसपापडी बरी याच्याहून.”

पुढचं तुझ्या तांड्यानं मला तिखटमीठ लावून सांगितलं. घरी गेल्यावर दोन दिवस तू पोरीला परसात जुन्या पेपरावर बसवलंस आणि काय बाहेर पडलं ते काडीनं तपासलंस. मग काठी टेकत घरोघर गेलीस आणि बायांना जेवणाच्या वेळेला त्याचं वर्णन ऐकवलंस. गोमाजीच्या घरी त्या दिवशी शेवया होत्या, त्यांनी ताटं तशीच ठेवली म्हणे. आमच्या खात्याची पोस्टरं वर्षानुवर्षं भिंतीवर होती. त्यांनी कुणाचं जेवण थांबवलेलं मी ऐकलं नाही.

पुढच्या फेरीला मी आले तेव्हा तू पुन्हा दारात होतीस. पण या वेळी तू आत बसली होतीस, वाट मोकळी ठेवून, आणि काठी मला अडवायला नव्हती, रांग लावायला होती. “एक-एक लेकरू येईन. बसून खाईन. चावून खाईन. तोंड उघडून मले दाखवन. पाणी पेईन. आन् रडत्या लेकराले गोळी नाई. ते आधी हसन, मंग.”

“याडी, दुपारपर्यंत मला अजून दोन ठिकाणी जायचं आहे.”

“मंग सकाळी लवकर येत जाय.”

तेव्हापासून मी तुझ्या तांड्यात लवकर यायला लागले. तुझ्या रांगेला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात मी इतरत्र दोन शाळा उरकल्या असत्या. एकदा एका अंगणवाडीतल्या पोरीनं रडून सगळ्यांना अर्धा तास थांबवलं. तू तिला कडेवर घेऊन बाहेर गेलीस, कुणाच्या तरी शेळीचं करडू दाखवलंस आणि परत आणलीस तेव्हा ती तुझ्या कानातल्या चांदीशी खेळत होती. मी घड्याळ बघत होते. तू म्हणालीस, “तुह्या घड्याळाले सांग, बस म्हनावं.”

आता आपल्या भांडणाबद्दल. ते संपलं नाही, आणि आता संपणारही नाही, म्हणून इथेच मांडून ठेवते.

तुझं म्हणणं असं: जी गोळी सहा महिन्यांनी पुन्हा द्यावी लागते, ती हरलेली गोळी. पोटातले जंत मारते, पण मातीतल्या जंतांचं काय? लेकरू पुन्हा अनवाणी त्याच नाल्याकडं जातं, त्याच मातीत बसून त्याच हातानं भाकर खातं. “पोट साफ केलं आन् वावर तसंच ठिवलं,” तू म्हणायचीस. मी म्हणायचे, मग वावर साफ कर, पण तोवर पोट तर साफ करू दे. तू म्हणायचीस, तोवर म्हणजे कधीवर? यावर माझ्याकडे उत्तर नसायचं, आणि तुला ते माहीत असायचं.

पण तू नुसती बोलत नव्हतीस. शाळेच्या संडासाला नवा दरवाजा आणि निळा रंग आला, पाणी मात्र आलं नाही. आत मास्तरांनी तुटके बाक ठेवले. तू ग्रामसभेत गेलीस. बाया मागे बसतात, तू पुढे जाऊन बसलीस. मी तिथे आरोग्याचं बोलायला आले होते, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं. सरपंच रस्त्याबद्दल बोलत होते, तू मध्येच उभी राहिलीस. “दरवाजाले रंग देल्ला. पाणी काहून नाई देल्लं? आमचे पोट्टे काय रंगानं धुतीन?” सभा हसली. सरपंचही हसले. तू हसली नाहीस, बसलीही नाहीस. शेवटी पाइपलाइनचा विषय कागदावर आल्यावरच तू खाली बसलीस. पाणी यायला त्यानंतरही बराच काळ गेला, पण आलं. हात धुवायला तू राख ठेवायला लावायचीस, मी साबण. त्यावरूनही आपण भांडलो.

आणि एवढं सगळं करून तू स्वतः? मरेपर्यंत हातात लोटा घेऊन नाल्याकडेच गेलीस! घरी संडास, आत पाणी, नातवंडांना तू काठीनं तिकडे हाकलायचीस, आणि स्वतः पहाटे त्यांच्या डोळ्यांदेखत नाल्याला. मी किती वेळा म्हटलं, याडी, जंत तुझं वय विचारत नाहीत. तू म्हणायचीस, “मले त्या डब्यात जीव घुसमटते व, नेरवाली. माही मोकळ्यावरची सवय. पोट्ट्यायले मोकळ्याची सवय लागूच नाई देल्ली, तेवढं पाह्य नं.” या बाबतीत तू चूक होतीस. तू गेलीस म्हणून मी हे बदलणार नाही.

एक भांडण जरा कडू झालं होतं. दिवाळीनंतर तांड्यातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात, लेकरांसकट. हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फेरीला ती लेकरं नसतातच. परत येतात तेव्हा अंगात काही उरलेलं नसतं. तू म्हणालीस, गोळ्या माझ्याकडे देऊन ठेव, आली की मी देते. मी नाही म्हणाले. गोळ्या अशा कुणाच्या घरी ठेवता येत नाहीत, कुणाला काय झालं तर जबाबदारी माझी. तू ऐकलंस आणि चहा न विचारता आत निघून गेलीस. पोळ्यापासून होळीपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस. मग मी वरच्या डॉक्टरांना विचारून परवानगी घेतली आणि टोळ्या परत आल्यावर पुन्हा तांड्यात आले. तू चावडीच्या लिंबाखाली सगळी लेकरं आधीच बसवून ठेवली होतीस, हात धुऊन. मला बघून म्हणालीस, “आव, बेस.” ये, बस. तेवढंच. चहात त्या दिवशी दूध होतं.

शेवटी आपण भेटलो तेव्हा तू अंगणात खाटेवर उन्हात पडली होतीस. पाय सुजलेले. मी बीपी बघायला आले होते. तू डोळे मिटूनच विचारलंस, “अजून वाटून राह्यली का तुही हरलेली गोळी?”

मी म्हणाले, वाटतेय.

“वाट. पण उत्तर नाई देल्लं तू मले.”

मी हसून बीपीचा पट्टा गुंडाळला. दुसऱ्या घरी जायचं होतं. उत्तर माझ्याकडे त्या दिवशी खरंच होतं, याडी, पण म्हटलं, पुढच्या वेळी निवांत बसून सांगू. ते हे होतं: गोळी जंतांना जिंकायला नसतेच. लेकराच्या अंगातलं रक्त त्याच्याच कामी येण्यासाठी ती थोडे महिने सोडवून घेते. असे थोडे थोडे महिने जोडत नेले की लेकरू वाढतं. वावर साफ होईतोवर लेकरानं थांबायचं नसतं. तू यावर काय म्हणाली असतीस ते मला साधारण माहीत आहे. तरी ऐकायला आवडलं असतं.

तिसऱ्या दिवशी तांड्यात आले. बाया बसल्या होत्या. रोशनी घरात नव्हती. ती आता पोलीस भरतीची तयारी करते, हे तुला सांगायला नको. तिच्यासाठी बूट आणायला करणला पुसदच्या बाजारात तूच पिटाळलं होतंस. कुणीतरी मावशी कुजबुजली, “घरात मरण आन् पोट्टी रस्त्यावर धावून राह्यली. शोभते का?” कवितानं मान वर केली. रडून तिचा आवाज बसला होता. “याडी होती तवा पोरीचा धावाचा एक दिस चुकला नाई. आता मी काहून चुकवू?” तुझी सून चांगली आहे. तू तिला हे कधी तोंडावर म्हटलं नाहीस, म्हणून मी म्हटलं.

मग गोळ्यांचा दिवस आला. मी लवकर आले. दारात तुझी जागा रिकामी होती, आणि मास्तर म्हणाले, सिस्टर, तुम्हीच बसा तिथे. मी बसले. एक-एक आलं. चावून खाल्लं, तोंड उघडून दाखवलं. एक नवीन पोरगी रडायला लागली तेव्हा रांग आपोआप थांबली. मागच्या मोठ्या मुलांनी धक्काबुक्की केली नाही, कुणी ‘लवकर’ म्हणालं नाही. त्यांना वाटतं, गोळी अशीच खातात. जगात दुसरी काही पद्धत असते हे त्यांना माहीतच नाही. मी तिथे बसल्या बसल्या डबा बंद करून पुन्हा उघडला.

संध्याकाळी परतताना घाटाच्या पायथ्याशी रोशनी दिसली. रस्त्याच्या कडेनं धावत होती, वेणी घट्ट बांधलेली. मी गाडी तिच्या बरोबरीला आणली आणि म्हटलं, “बस मागं, वरपर्यंत सोडतो.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती रडत होती, याडी. थांबली मात्र नाही.

“तुम्ही व्हा पुढं, सिस्टर,” ती म्हणाली. “मले चढ पुरा कराचा हाय.”

मी पुढे गेले नाही. गाडी हळू करून तिच्या मागे राहिले. ती रडत रडत तो सगळा चढ धावून गेली, आणि वर पोचली तरी तिला धाप लागली नव्हती.